टेम्पो मागे मागे

लेक सायकलवरून देश पालथा घालायला निघाली, तेव्हा पाणी, खाणं आणि पंक्चरचं सामान घेऊन मागून येणारा टेम्पो बापानेच चालवायला घेतला. तीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस. या महामार्गाचा खड्डा न् खड्डा त्याला तोंडपाठ.

"एवढ्या हळू तर मी बैलगाडीच्या मागेसुद्धा कधी गेलो नाही," पहिल्या दिवशी तो कुरकुरला होता.

नवव्या दिवशी एका चढावर त्याच्या लक्षात आलं, की पोरगी सगळा जोर उजव्या पायावर घेतेय; डाव्याला जपतेय. त्याने हॉर्न वाजवून तिला थांबवलं आणि मलमाची ट्यूब घेऊन धावतच गेला.

"डावा पाय कधी दुखावलास? बापापासून लपवतेस होय?"

ती बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली आणि हसली.

"दुखत नाही हो, बाबा. चौथीत असताना मोडला होता, तेव्हापासून तो असाच आहे."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"आईने फोन केला होता की. तुम्ही याच रस्त्यावर होतात. घरी आलात, तोवर प्लास्टर निघालं होतं."