मार्कर

रुग्णवाहिकांच्या वायरलेसचे अँटेना वीस वर्षं तपासणाऱ्या काकांना वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. आठवडाभर त्यांनी पास केलेल्यांतलेच काही नग पुन्हा तपासून नवी तपासनीस नापास करत होती. माझ्या खुर्चीवर डोळा आहे हिचा!

आज त्यांनी तिला आपल्या अ‍ॅनालायझरसमोर, अँटेना मोजायच्या यंत्रासमोर, उभं केलं. "बघ, पडद्यावरच्या आलेखावर हा मार्करचा ठिपका काय आकडा दाखवतोय? आहे काही खोट?"

ती हळूच म्हणाली, "काका, आता अँटेना काढून बघा."

त्यांनी अँटेना काढला. आकडा तसूभरही हलला नाही. त्यांचा मार्कर चालू आलेखावर नव्हताच, आठवड्यापूर्वी साठवून ठेवलेल्या जुन्या आलेखावर बसला होता.

काकांनी फोन लावला. "साहेब, आठवडाभरात माझ्या हातून पास होऊन गेलेले सगळे अँटेना आत्ताच्या आत्ता परत मागवा. नाही, तिची नाही. चूक माझी आहे."