मैदानावरचं सोंग

"अंगात ताप असताना पाच टचडाउन केले ऑझी ग्रँटनं. पाच!" ऑगीनं काटा बशीवर आपटला. "राज्याच्या अंतिम सामन्यात एकट्यानं असा खेळ कुणी केलेला नाही. विषय संपला."

"समोर कोण होतं ते सांग की लेका," स्टॅन म्हणाला. "शेंबडी पोरं होती ती. डच होल्कचं बघ. ओठ फाटलेला, रक्त गिळत गिळत अख्खा सामना खेळला. शेवटची किक छातीनं अडवली."

"अडवली कसली! तीच येऊन आदळली त्याच्यावर."

दोघं खो खो हसले. ऑगीच्या दाढीत अंड्याचा पिवळा बलक चिकटला होता. त्याच्या हसण्याबरोबर बलकही थरथरत होता. अडेलनं आपली बशी दूर सारली. या टेबलावर तिला एक घासही उतरत नसे.

वाद नेहमीचाच होता, पण या आठवड्यात त्याला धार चढली होती. शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या नव्या मैदानाच्या कमानीवर एकाच खेळाडूचं नाव कोरायचं होतं. अंतिम सामन्यातला आजवरचा सगळ्यात मोठा पराक्रम कुणाचा, हे माजी खेळाडूंचा क्लब शुक्रवारच्या जेवणात जाहीर करणार होता. आणि क्लब म्हणजे ऑगी आणि स्टॅनच.

"खरं सांगू?" स्टॅन पुढे झुकला. "ऑझी नाही आणि डचही नाही. आपला हा!" त्यानं शेजारी बसलेल्या अडेलच्या नवऱ्याच्या, जीनच्या, खांद्यावर जोरात थाप मारली. जीनची कॉफी हिंदकळून टेबलावर सांडली.

"मी काय केलं," जीन पुटपुटला.

"काय केलं म्हणे! आपण एका गुणानं मागे. घड्याळ थांबवायचे टाइमआउट सगळे संपलेले. घड्याळ पळतंय, आणि किक मारायला आपली माणसं आत यायला वेळ नाही. कोचनं आधीच सांगून ठेवलं होतं, अगदी गळ्याशी आलं तर कुणीतरी आडवं पडा, रेफरीला घड्याळ थांबवावंच लागेल. आणि हा पठ्ठ्या पडला! काय पडला रे! डोळे पांढरे, बोट हलेना."

"दोन्ही संघ गुडघ्यावर बसले," ऑगी म्हणाला. "वर प्रेक्षकांत बायका रडतायत. मी हेल्मेटच्या आत हसू दाबून मरतोय."

"मग किक, आणि आपण जिंकलो! रात्रीच्या नाचाला हा आला तोही मान ताठ, लाकडासारखी. मी म्हटलं, अरे बास कर, सामना संपला! तर नाही. वसंत येईपर्यंत ओढलं यानं सोंग."

जीन हसला. अडेलला तेच हसू असह्य होई. थोडंसं, खाली बघून, बक्षीस घ्यायला लाजणाऱ्या मुलासारखं.

"त्या गुडघ्यावर बसलेल्यांत माझा भाऊ होता," ती म्हणाली.



"अडेल, किती वर्षं झाली त्याला," ऑगी म्हणाला.

"वेस्ली प्रार्थना करत होता. समोरच्या संघातल्या, नावही माहीत नसलेल्या पोरासाठी. आणि तू हसत होतास."

"आम्ही जिंकत होतो, अडेल," स्टॅन म्हणाला, आणि त्यानं टोस्टचा तुकडा बलकात बुडवला.

जीन उठला. "चल. पिट्सबर्गला पोचायचंय. डॉक्टर थांबणार नाहीत."

"शुक्रवारी भाषण तयार ठेव, नटवर्य!" ऑगी मागून ओरडला.

गाडी अडेल चालवत होती. जीनच्या डाव्या हाताला हल्ली मुंग्या येत, चाक धरवत नसे. नदीच्या कडेनं बंद पडलेले पोलादाचे कारखाने मागे जात राहिले.

लग्न ठरेपर्यंत तिला माहीतच नव्हतं की आपण ज्याला हो म्हटलं तोच मैदानावर सोंग करणारा मुलगा. कळलं तेव्हा ती त्याला जीव लावून बसली होती. वेस्ली लग्नाला आला नाही. पुढे तिच्या घराचा उंबराही त्यानं ओलांडला नाही. देवाला साक्षी ठेवून केलेली प्रार्थना त्या माणसानं मातीत मिळवली, एवढंच तो म्हणे. गेल्या हिवाळ्यात वेस्ली गेला. जीनला चर्चमध्ये येऊ देऊ नका, असं तो सांगून ठेवून गेला होता. सगळा विधी होईपर्यंत जीन बाहेर बर्फात गाडीत बसून राहिला.

"शुक्रवारी तू कमानीवर नाव घालू दिलंस, तर शनिवारी मी घरात नसेन," अडेल म्हणाली.

"बरं."

"बरं? एवढंच? माझं चुकलं, असं एकदा तरी म्हण. त्या दोघांसमोर नको, माझ्यासमोर म्हण. लबाडी केली म्हण. मला तुझी किळस येते रे, जीन. कमानीवर नाव! लोळण घेतल्याबद्दल!"

जीन खांद्यांसकट अख्खा तिच्याकडे वळला, काहीतरी बोलणार होता. मग पुन्हा समोर बघू लागला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पडद्यावर एक्स-रेचा फोटो लावला आणि पेनाचं टोक एका मणक्यावर टेकवलं.

"दुखणं हातात नाहीच," त्या म्हणाल्या. "मानेत आहे. हा मणका मोडलेला आहे. नंतर तो आपोआप सांधला, पण वाकडा. फार जुनं आहे हे. तेव्हाच तुमचा जीव गेला असता तरी नवल नव्हतं, आणि तुम्ही चालताय."

"दुसऱ्या कुणाचा फोटो असेल," अडेल म्हणाली. "याची मान कधी मोडलेली नाही. मी इतकी वर्षं याच्याबरोबर आहे."

डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यातलं नाव पुन्हा वाचलं. मग त्या जीनकडे वळल्या.

"मिस्टर पाव्लिक, कधी झालं हे?"

जीननं अडेलकडे बघितलं नाही.

"अंतिम सामन्यात," तो म्हणाला.