पाचवा माणूस

नवव्या दिवशी दुपारी शेवटची प्रार्थना संपली आणि जमिनीवरचा चुन्याचा क्रूस तेवढा उरला. फिदेन्सिओची शवपेटी जिथे ठेवली होती, अगदी त्याच जागी तो मांडलेला होता. आता पाच जणांनी तो उचलायचा. एकाने डोकं, दोघांनी हात, एकाने पाय आणि शेवटच्याने मधलं काळीज. चुना डब्यात भरून कबरीत गेला, की मेलेला माणूस घरातून खरा निघाला.

चार नावं ओतिलियाने भराभर घेतली. नवरा गेल्यापासून तिचा आवाज एकदाही कापला नव्हता. मग ती भिंतीला टेकून उभ्या असलेल्या कॅनडावाल्याकडे वळली.

"काळीज तुम्ही उचला, लोरेन्सो."

त्याचं खरं नाव लॉर्न. चौदा वर्षांपूर्वी तो इथे समुद्रकाठी राहायला आला आणि गावाने त्याचा लोरेन्सो करून टाकला. फिदेन्सिओच्या होडीचं इंजिन तोच दुरुस्त करायचा. रोज सकाळी दोघे एकाच बाकावर बसून मनसोक्त भांडायचे.

"मला नको," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला सांगा."

याला नाही म्हणायची रीतच नाही. उचलणारा त्या घरचा कोम्पाद्रे होतो, सख्ख्या भावासारखा, आणि वर्षाच्या दिवशी त्याला हजर राहावंच लागतं.

"मी शुक्रवारी चाललोय. कॅनडाला, मुलीकडे. कायमचा. गुडघे गेले माझे."

"चौदा वर्षं आमचे मासे हाणले," फिदेन्सिओचा भाऊ उसळून म्हणाला, "आणि निघाले! कुणाला एका शब्दाने बोलले तरी का?"

"फिदेन्सिओला बोललो होतो."

"ठाऊक आहे मला," ओतिलिया म्हणाली. "म्हणून तर त्याने तुमचं नाव सांगून ठेवलं. त्या गोऱ्याला असा सुटू देऊ नकोस, म्हणाला."

लॉर्न एका हाताने भिंत धरून खाली बसला. ओंजळीत चुना घेताना त्याला रडू आवरेना. डबा भरल्यावर त्याला उठता येईना, तेव्हा तोच भाऊ पुढे आला आणि त्याने काखेत हात घालून त्याला उभं केलं.

कबरीवरून परतल्यावर ओतिलियाने अंगणात त्याच्या हातांवर पाणी घातलं.

"वर्षाला तुमची खुर्ची मांडून ठेवीन," ती म्हणाली. "रिकामी राहिली, तर तुम्हीही गेलात असं धरून चालू. तुमच्या नावानेही इथेच चुना मांडू."

त्याने हात मागे घेतले.

"आणि काळीज कोण उचलेल?"

"हे काय विचारणं झालं, कोम्पाद्रे?" ती म्हणाली. "हात पुढे करा. अजून पांढरे आहेत."