ओला पिवळा रंग

नर्मदाबाई पुन्हा एकदा फाटकापर्यंत जाऊन आल्या. रस्ता मोकळाच होता. परतताना ऑइलपेंटचा वास आला आणि त्या ओसरीतच थबकल्या.

रंगकाम तर कालच संपलं होतं.

टीव्हीला जोडायचा मुलाचा, परमेश्वरचा, जुना व्हिडिओ गेम आबासाहेब गेले काही दिवस पुढ्यात घेऊन बसले होते. परमेश्वरचा फोन आईला आला होता. नांदेडहून पुण्याला परत जाताना वाटेत पूर्णेला थांबतो, तो गेमचा डबा तेवढा काढून ठेव, भक्तीला खेळायला पाहिजे. भक्ती त्याची मुलगी. दारातूनच नेईन, म्हणाला होता. वडिलांचं नाव त्याने घेतलं नव्हतं. बारावीच्या निकालादिवशी आबासाहेबांनी हाच डबा अंगणात भिरकावला होता. तेव्हापासून बापलेकांत बोलणं असं नव्हतंच.

आबासाहेबांनी फोनबद्दल काही विचारलं नाही. माळ्यावरून डबा काढला आणि मोबाइल दुरुस्तीवाल्या हरिओमकडे नेला. हरिओमने आत नवी डिस्क बसवली. आता सीड्या लागत नव्हत्या, सगळे खेळ आतच मावत होते. खालच्या कडेने त्याने दिव्यांची पट्टी फिरवून दिली. चालू केलं की हिरवी, बंद केलं की लाल.

"काका, सिग्नलच करून टाकला की तुमी!" तो हसला होता.

रंग मात्र त्यांनी कुणाला लावू दिला नाही. रेल्वेत असताना कितीतरी स्टेशनांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. त्यांना दुसरा रंग सुचलाच नाही. तेव्हा पडलेला तडा पुट्टीने बुजवला, पॉलिश पेपरने घासला, पिवळा दिला. वाळल्यावर झाकणावर काळ्या अक्षरांत नाव लिहिलं, भक्ती. पाटीवर लिहावं तसं ठसठशीत. सकाळी नर्मदाबाईंनी त्यावरून बोट फिरवून पाहिलं होतं. रंग खडखडीत वाळलेला होता.

आता आबासाहेब बाजेवर बसून टर्पेंटाईनमध्ये ब्रश धूत होते. समोर पेपरावर डबा. झाकण लांबून कोरं पिवळं दिसत होतं, ओलं चमकत होतं.

"अवो! नाव कुठं गेलं?"

"नीट आलं नव्हतं."

"चांगलं तर होतं. म्या बघितलं की सकाळी."

"तुला काय कळतंय अक्षरातलं?"

"अन् पोरगं आत्ता यायलंय. ओला डबा न्यायचा कसा त्यानं?"

 आबासाहेबांनी ब्रश फडक्याला पुसला, उजेडाकडे धरून बघितला, पुन्हा पुसला. नर्मदाबाई त्यांच्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि परातीत आणखी पीठ घेतलं.

पीठ भिजायच्या आत गाडी आली. परमेश्वर दारात उभा राहिला. पायात बूट तसेच. बाहेर गाडी चालूच होती.

"माय, लय घाई आहे. गाडीत ऑफिसची माणसं आहेत. डबा कुठंय?"

"अरे, पाणी तरी पी."

"पितो. डबा दे आधी."

"रंग ओला हाय," आबासाहेब म्हणाले. ते डब्याकडेच बघत होते.

परमेश्वरने डब्याकडे पाहिलं. मग आईलाच म्हणाला, "रंग? कुणी सांगितलं होतं रंगवायला?"

नर्मदाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले.

"वाळल्याबिगर हात लावता येत न्हाई," आबासाहेब म्हणाले. "पिवळं वाळलं की नाव टाकायचंय. ओल्यावर काळं चढत न्हाई."

"पेपरात गुंडाळून दे माय, तसाच नेतो."

"पेपर चिकटंल."

"किती वेळ लागतो वाळायला?"

"सकाळ व्हईल."

बाहेर कुणीतरी गाडीचं दार उघडून पुन्हा लावलं. परमेश्वरने घड्याळात पाहिलं, बाहेर पाहिलं. कपाळावरचा घाम मनगटाने पुसला.

"माय, तू तरी खरं सांग. नाव लिहायचं राहिलंय का?"

"मला काय कळतंय बाबा अक्षरातलं," नर्मदाबाई म्हणाल्या.

तो बूट न काढताच आत आला. डब्यापाशी वाकला आणि झाकणावर बोट टेकवलं. बोट चिकटलं. तो तसाच वाकून राहिला. ओल्या पिवळ्याखाली काळी अक्षरं पुसट दिसत होती. भक्ती. पिवळ्या रंगाचा एकच हात काळ्याला झाकत नाही. जन्मभर पाट्या रंगवलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं, असं कसं म्हणावं?

परमेश्वर सरळ झाला. त्याने वडिलांकडे पाहिलं. आबासाहेब ब्रशचे केस चिमटीत सारखे करत होते.

 परमेश्वर पिवळं बोट अंगापासून लांब धरून, ते कुठं पुसावं म्हणून इकडेतिकडे बघू लागला.

"आण इकडं."

आबासाहेबांनी फडक्याचा कोरा कोपरा टर्पेंटाईनमध्ये बुडवला. त्याचं बोट आपल्या हातात घेतलं आणि पुसायला लागले. नखाच्या कडेने, पेरावरून, सावकाश.

बाहेर हॉर्न वाजला.

बोट स्वच्छ झालं होतं. आबासाहेब पुसतच होते.

हॉर्न पुन्हा वाजला, जरा लांब. परमेश्वरने दाराकडे पाहिलं. हात मात्र ओढून घेतला नाही.