ठेंगणी गाडी

"गाडीनं नाक वर पाहिजे, धुडकू! मन्ही गाडी कोनापुढे वाकाले नको!" असं बजावून बन्सीलाल पाटील धोतराचा सोगा सावरत धुडकूच्या अंगणातून निघून गेला.

गाडी म्हणजे लढाईनंतर लिलावात घेतलेली पिकप. मागचे स्प्रिंगचे पाटे कडक, पुढचे बसलेले. त्यामुळे रिकामी उभी राहिली की मागून वर आणि पुढून खाली, नव्या सुनेनं नमस्काराला वाकावं तशी. गेल्या साली सारंगखेड्याच्या जत्रेत कुणीतरी टोमणा मारला होता, "पाटील, तुमनी गाडी आमना घोडाना पाया पडस!" तो टोमणा पाटलाच्या जिव्हारी लागला. पुढच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा, त्याखाली लोखंडी ठोकळा आणि चारी चाकांना मोठी टायरं, असं सगळं काम त्यानं धुडकू मिस्तरीवर सोपवलं होतं. टायरं विसरवाडीच्या ट्रकवाल्यांकडून आणली होती. जत्रा उद्यावर आली होती. याच गाडीत घोडी आणि तिचं शिंगरू चढवून पाटील मिरवत जाणार होता.

धुडकूनं आधीच सांगून टाकलं होतं, या कामाची मजुरी नको. त्याला कारण होतं. आषाढात त्याची बायको फुलवंता अडली. दोन दिवस कळा देत होती. सुईणीनं हात टेकले, म्हणाली शहाद्याला न्या. गावात गाडी एकच. धुडकू भर पावसात पाटलाच्या दारी गेला, पायावर डोकं ठेवलं. पाटील म्हणाला, "गाडी ठेंगणी शे रे भाऊ. नालाले पानी शे. इंजिनमा पानी जाई, मंग मधेच बसशात." धुडकूनं परोपरीनं सांगितलं, पाणी शिरू नये म्हणून डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीभोवती ग्रीस थापू, पंख्यानं पाणी उडू नये म्हणून त्याचा पट्टा काढून ठेवू, मी स्वतः पाण्यात पुढं चालतो. पाटलानं नकारार्थी मान हलवली. शेवटी वरच्या अंगानं बारा मैलांचा फेरा घालून बैलगाडीतून नेलं. फुलवंता वाचली. पोर गेलं.

धुडकूनं पाटलाला कधी बोल लावला नाही. गाडीच ठेंगणी, त्याला माणूस काय करील? पाच महिने तो स्वतःची अशीच समजूत घालत आला होता. म्हणून तर आज तो जीव ओतून काम करत होता. गाडी उंच झाली म्हणजे पुढच्या आषाढात दुसऱ्या कुणाच्या बायकोला बारा मैल धक्के खावे लागणार नाहीत, एवढंच त्याच्या मनात होतं.

दुपारपर्यंत पुढचं काम झालं. चारी टायरं चढली. गाडी नाक वर करून उभी राहिली. सुरू करून बघावी म्हणून धुडकूनं बॉनेट उघडलं. इंजिनाचं काम पाटील शहाद्यालाच करून घेई, त्यामुळे आत डोकवायची त्याची ही पहिलीच वेळ.

डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीभोवती ग्रीस थापलेलं होतं. बोटभर जाड. त्यात नाल्याची वाळू चिकटून वाळलेली.

धुडकूचा हात तिथंच थांबला.

ड्रायव्हर भिकन निंबाखाली विडी ओढत बसला होता. "भिकन, हाई ग्रीस कोनी लावं?"

"मीच लावं," भिकन सहज म्हणाला. "पाटीलनी सांगं तसं. आषाढमा घोडी अडी गयथी ना, तिले शहादाले ढोरना डाक्टरकडे लई गवूत. पट्टा काढी ठेवा, ग्रीस थापं. पानी बंपरवर व्हतं, पन गाडी सर्रकन निंघी गयी!"

"कोनता दिन?"

भिकननं विडी तोंडातून काढली. मग त्याला कळलं आपण काय बोलून बसलो. तो खाली बघत म्हणाला, "तोच दिन, दादा. तू दारवरथून गया, नि घडीभरमा आम्ही निंघनूत."

अरे वा रे पाटील! मिस्तरीची युक्ती खरी, पण ती घोडीसाठी. घोडीचं शिंगरू जत्रेत नाचणार, आणि मिस्तरीचं पोर नाल्याकाठच्या मातीत! वर त्याच मिस्तरीकडून गाडीचं नाक वर करून घेणार! धुडकूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पाना घेऊन पाटलाचं घर गाठावं असं त्याला वाटलं. पाना त्यानं हातात घेतलाही. पण तो घेऊन तो पुन्हा गाडीखाली शिरला.

ठोकळे काढले. जादा पाटे काढले. पुढच्या मोठ्या टायरांच्या जागी जुनी, झिजलेली टायरं चढवली. मागची मोठी मात्र तशीच ठेवली. मग भिकनला म्हणाला, "लाव हात." दोघांनी ढकलत गाडी वळवली.

दिवस कलता पाटील आला आणि जागीच थबकला. "हाई काय करं रे? गाडी आखो खाले वाकी गयी!"

"गाडी ठेंगणी नव्हती, पाटील," धुडकू म्हणाला. "घोडीले लई गयी ती."

गाडीचं नाक समोरच्या धुडकूच्या झोपडीकडे होतं. उंबऱ्यावर फुलवंता ज्वारी पाखडत बसली होती. पाटील दिसताच ती डोक्यावर पदर घेत लगबगीनं उठू लागली.

"बठ, फुलवंता, उठू नको," धुडकू म्हणाला. "त्यासनी गाडी तुन्हा पाया पडाले उनी शे."