दहा हजारांच्या आत

पोलीस चौकीतल्या टेबलावर गेमचा कन्सोल चालू झाला. पंखा जरा घरघरला आणि गप्प बसला. किंमतवाल्याने एकेक कंट्रोलर हातात घेऊन त्याची दांडी गोल फिरवली. दोन्ही ठणठणीत. हेडफोनवर तर ओरखडासुद्धा नव्हता. डोळे झाकून चौदा हजारांचा माल.

जुन्या व्हिडिओ गेमच्या वस्तू घेण्याविकण्याचं त्याचं बोळकंडीएवढं दुकान होतं. चोरीचा असला माल सापडला की किंमत ठरवायला पोलीस त्यालाच बोलावत. त्याच्या आकड्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"माल दहा हजारांच्या वर गेला तर खटला, पोरगा कोठडीतच," हवालदार म्हणाला. "दहाच्या आत राहिला तर पोराला समज देऊन आजच सोडायचं. लिहा."

चोर पंचविशीतला होता. नऊ दिवस कोठडीत होता. बाप शिंपी. तो बाहेर बाकावर बसून होता. मघाशी किंमतवाला आत येताना म्हातारा धडपडत उठला होता, त्याने किंमतवाल्याचे दोन्ही हात घट्ट धरले होते.

"साहेब, सगळं तुमच्या हातात आहे. एकुलता एक आहे हो. तेवढी किंमत..."

पुढे शब्द फुटेना.

"कळलं, काका. बघतो मी."

आता पेन कागदावर अडलं. वीस वर्षं त्याने काटा सरळ धरला होता. पण म्हाताऱ्याच्या हातांची पकड अजून मनगटावर जाणवत होती. पंखा घरघरतो म्हणून त्याने दोन हजार कापले. दांडी ढिली म्हणून एक. हेडफोनचे दीड हजार धरलेच नाहीत. साडेनऊ हजार. खाली सही ठोकली तेव्हा त्याचे कान तापले होते.

बाहेर येऊन तो म्हाताऱ्याशेजारी टेकला. "काका, घोर मिटला तुमचा. कमी लावली किंमत. पोरगा संध्याकाळी घरी."

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कमी?" तो पुटपुटला. "साहेब, जास्त लावा म्हणणार होतो मी. बापाच्या तोंडून निघेना."

आत कागदावर शिक्का आपटल्याचा आवाज आला.

"सुया टोचून घेतो तो," म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला. "गेल्या महिन्यात दोनदा गटाराच्या काठावरून उचलून आणला. दोन्ही वेळा वाटलं, संपला. घरात धड भांडं राहिलं नाही, की माझ्याशी धड शब्द नाही. इथे नऊ दिवस ते विष मिळालं नाही त्याला. काल डबा घेऊन आलो, तर गजांतून मला म्हणाला, 'बाबा, तुम्ही जेवलात का?'"