रीतसर कागद

“शिक्का उलटा बसलाय,” कर्मचारी विभागातल्या बाई म्हणाल्या आणि कागद टेबलावरून परत सरकवला.

फौजदाराने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. या खुर्चीत बसायची त्याची ही तिसरी खेप. पहिल्यांदा तो नुसताच आला, तर बाईंनी लेखी पत्र मागितलं. मग पत्र आणलं, तर त्यावर वरिष्ठांची सही नव्हती. आज सहीशिक्क्यासकट आणलं, तर ही नवी तऱ्हा.

“बाई, शिक्का उलटा असो नाहीतर सुलटा, ठाणं तेच आहे.”

“ते खरं. पण कर्मचाऱ्याचा पत्ता बाहेर द्यायचा तर कागद रीतसर लागतो. उद्या माझ्या अंगाशी आलं तर निस्तरायला तुम्ही थोडेच येणार आहात?”

“हरवल्याची तक्रार आहे. घरच्यांचा जीव टांगणीला लागलाय.”

“पण ती तर घरून काम करते. सकाळीच माझ्याशी फोनवर बोलली. मग हरवली कशी?”

“स्वतःच्या घरी नाही, म्हणजे हरवलीच ना,” त्याचा आवाज चढला. मग त्याने स्वतःला आवरलं. “घरी कुणाला जेवण गोड लागत नाही, झोप नाही. आणि तुम्ही शिक्के तपासत बसलाय.”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. त्यांचं ते निवांत पुसणं आता त्याच्या डोक्यात जायला लागलं होतं. आजवर हेलपाटे लोकांनी त्याच्याकडे घातले होते. कुणी त्याला जोडे झिजवायला लावावेत, असं कधी घडलं नव्हतं.

कंपनीचे व्यवस्थापक दारातून डोकावले. “देऊन टाका हो बाई. पोलिसांना कशाला ताटकळत ठेवायचं?”

“देते की. शिक्का सरळ आला की लगेच.”

“यांच्यापुढे माझंही काही चालत नाही,” व्यवस्थापक फौजदाराला म्हणाले आणि निघून गेले.

ठाण्यावर परतल्यावर त्याने पत्र पुन्हा टाइप केलं. मोठे साहेब जेवायला उठायच्या घाईत सह्या उरकत होते. त्याने आपला कागद गठ्ठ्याच्या मध्येच सरकवला. साहेबांनी मान वर न करता सही ठोकली. शिक्का मात्र त्याने स्वतः मारला, चित्रकलेच्या परीक्षेला बसलेल्या पोराइतक्या काळजीने.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पत्र ओळीखाली बोट धरून वाचलं. मागची बाजूही पाहिली. तो दात आवळून बसून राहिला. अखेर त्यांनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला.

“झालं समाधान?” त्याने विचारलं.

“आता काही खोट नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला फार खेपा पडल्या.”

बाजारामागची गल्ली, वरचा मजला. तो दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढला. दाराला कुलूप होतं. त्याने ते हिसकून पाहिलं, दारावर थाप मारली, मग लाथही मारली.

आवाज ऐकून घरमालकीणबाई खालच्या मजल्यावरच्या दारात आल्या. हात साबणाने ओले होते.

“ती मुलगी ना? काल संध्याकाळीच गेली, सगळं सामान घेऊन.”

“कुठे?” तो जिना उतरत म्हणाला.

“ते काही सांगितलं नाही. तिच्या ऑफिसातल्या बाई स्वतः गाडी घेऊन आल्या होत्या. म्हणत होत्या, इतके दिवस काही ना काही काढून अडवून धरलं, आता उद्या अडवायला कारण उरणार नाही.” जिन्यात अंधार होता. मालकीणबाईंनी आवाज खाली आणला. “पण पोलीस आले हे बरंच झालं. पोरीचा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता हो. जिन्यावर पाऊल वाजलं तरी दचकायची. नवरा हुडकत येईल म्हणून. तोही पोलिसातच आहे म्हणे.”

तो शेवटची पायरी उतरून उजेडात आला. मालकीणबाईंची नजर त्याच्या छातीवरच्या पट्टीवरच्या आडनावावर गेली, आणि त्यांनी दार लोटून आतून कडी घातली.